नामिबियाच्या वाळवंटात शैलचित्रांची मोहीम: स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी, पायरी पायरीने

या मोहिमेचा आराखडा बहुतेक जण उलट्या टोकाकडून करतात. आधी बघायच्या चित्रांची यादी करतात, मग नकाशावर त्यांना जोडणारी रेघ ओढतात, मग मुक्काम ठरवतात. पाणी आणि डिझेलचा विचार थेट शेवटच्या पंपावर सुरू होतो. स्पित्झकोपे, ब्रांडबर्ग, ट्वायफलफाउंटन ही शैलचित्रांची तिन्ही ठिकाणं राजधानी विंडहोकपासून एका आठवड्यात आरामात होतात. तरीही अनेकांच्या वाट्याला दुपारच्या उन्हात सपाट दिसणारी शिल्पं आणि अंधारात खडीवरून केलेली धावपळ येते, याचं कारण हा क्रम.

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. मार्ग साधारण असा धरलाय: विंडहोक, स्पित्झकोपे, उइस, ब्रांडबर्ग, ट्वायफलफाउंटन, पामवाग आणि खोरिखास-आउटयोमार्गे परत. आडवाटा धरून अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर होतं.

टप्पा १: आधी उजेड मोजा

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ, मोहिमेसाठी हाच धरा. जानेवारी ते मार्चमध्ये एरवी कोरड्या असलेल्या नद्या अचानक वाहू लागतात आणि दुपारचं ऊन चाळीस अंशांपुढे जातं. जून-जुलैत हवा सुखद असते, पण दिवस लहान. सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहा-साडेसहाला मावळतो. संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही.

आता हिशोब करा. डांबरी रस्त्यावर तासाला ९० किलोमीटर धरा, सी क्रमांकाच्या खडीच्या रस्त्यावर ६०, डी क्रमांकाच्या रस्त्यावर ४० ते ५०. नदीपात्र किंवा दगडी वाट असेल तर १५ ते २०. फोनमधला नकाशा जो वेळ दाखवतो त्यात चाक बदलणं, फाटक उघडणं, रस्त्यात उभा ठाकलेला हत्ती यांतलं काहीच नसतं. आलेल्या वेळेत तिसरा हिस्सा वाढवा आणि दुपारी चारला मुक्कामावर पोचता येतं का ते बघा. येत नसेल तर त्या दिवसाचं अंतर कमी करा. पहाटे लवकर निघून भरपाई करण्याचा बेत करू नका, कारण अंधारात रस्त्यावर कुडू आणि ओरिक्स ही मोठी हरणं असतात, आणि गाडी भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या विम्यात गावाबाहेर रात्री झालेला अपघात बसत नाही.

हा हिशोब झाल्यावरच चित्रं त्यात बसवा. प्रत्येक ठिकाणी एक मुक्काम आधीच्या संध्याकाळी ठेवायचा, म्हणजे सकाळचा पहिला उजेड चित्रांसाठी मोकळा मिळतो. प्रवास करून दुपारी बाराला पोचायचं आणि लगेच चित्रं बघायची, हा सगळ्यात वाया जाणारा दिवस.

तपासणी: आराखड्यात एक पूर्ण रिकामा दिवस आहे का? नसेल तर एक ठिकाण काढून टाका. माझं मत विचाराल तर पामवाग काढा. तिथे बघायला जातात ते प्राणी आणि डोंगरदऱ्या. चित्रं दक्षिणेलाच संपतात.

टप्पा २: कागदपत्रं आणि परवाने

हे झटपट उरका, पण घरून निघण्याआधी. व्हिसाचे नियम नामिबिया सरकारच्या संकेतस्थळावरच बघा, जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. ज्या देशांत पिवळा ताप आढळतो तिथल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर लसीचं प्रमाणपत्र मागतात. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणाऱ्यांनी थांब्याचे तास मोजावेत. वाहन परवान्याबरोबर आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. गाडी डाव्या बाजूनेच चालते, ती एक सोय.

चलन नामिबियन डॉलर. दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी त्याचा दर एकास एक बांधलेला आहे आणि रँडही सगळीकडे चालतात. गावच्या समित्या चालवतात त्या तंबूतळांवर आणि स्थानिक वाटाड्यांसाठी रोख लागते. विंडहोकमध्येच सुट्ट्या नोटा घ्या. गाडीच्या अनामत रकमेसाठी मात्र चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्डावर अनेकदा अडतं.

परवान्यांच्या बाबतीत एक गैरसमज पक्का रुजलाय की वाळवंट म्हणजे कुठेही तंबू ठोका. इथली बरीचशी जमीन गावसमूहांच्या संवर्धन क्षेत्रांत मोडते, काही राष्ट्रीय उद्यानांत, काही सवलतक्षेत्रांत, म्हणजे पर्यटनासाठी कराराने चालवायला दिलेल्या जमिनीत. पामवाग क्षेत्रात मुख्य रस्ता सोडून आत शिरायचं तर वेगळा परवाना लागतो. किनाऱ्याकडच्या डोरोब राष्ट्रीय उद्यानात ठरलेल्या वाटा सोडता येत नाहीत. नेमून दिलेले तंबूतळ वापरा.

इशारा: सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं उपकरण भारतातून नेऊ नका. परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर लोक पकडले गेलेत. ते विंडहोकमध्ये भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा.

टप्पा ३: गाडी ताब्यात घेणं

या टप्प्याला अर्धा दिवस द्या. लांबच्या विमानप्रवासानंतर, झोप अपुरी असताना, कंपनीचा माणूस वीस मिनिटांत सगळं दाखवतो, तुम्ही मान डोलावता आणि सही करता. पुढे वाळवंटात ज्या अडचणी येतात त्यातल्या बऱ्याच त्या वीस मिनिटांत सुटल्या असत्या.

गाडी फोर-व्हील ड्राइव्हच हवी, लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची सोय) असलेली. वर उघडणारा तंबू, दुसरी बॅटरी, फ्रिज आणि दोन स्टेपन्या हव्यात. एका स्टेपनीवर भागेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. डामारालँड या याच मार्गावरच्या प्रदेशातले धारदार दगड टायरची बाजू कापतात, आणि बाजू फाटलेला टायर वाटेत दुरुस्त होत नाही.

गोदामाच्या आवारातच हे क्रमाने करा:

१. पाचवं आणि सहावं चाक बाहेर काढा. गाडीखाली टांगलेली स्टेपनी खाली घ्यायचा दांडा आहे का, तो फिरतो का, स्टेपनीत हवा किती, हे प्रत्यक्ष बघा. टांगलेली स्टेपनी धुळीने जाम झालेली असते.

२. एक चाक खरोखर बदला. पाना नटांना बसतो का, जॅक पुरेसा उचलतो का, हे बघून कळत नाही, करून कळतं. चाकांना कुलूपनट असतील तर त्यांची किल्ली कुठे आहे ते विचारा.

३. जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी मागून घ्या. वाळूत फळीशिवाय जॅक नुसता खाली रुततो.

४. हवा भरायचा कंप्रेसर लावून एका टायरची हवा कमी करा आणि परत भरा. हवा मोजायचं मीटर वेगळं हवं.

५. चारही चाकं आणि लो रेंज लावून आवारात दहा मीटर पुढे-मागे चालवा. काही जुन्या पद्धतीच्या लँड क्रूझरना पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागतात.

६. टायरच्या बाजू हाताने चाचपा. चीर, फुगवटा दिसला तर तो टायर बदलून मागा.

७. फावडं, वाळूवर टाकायच्या पट्ट्या, ओढायचा पट्टा, आणि गाडीच्या चासीला पुढे-मागे ओढायची कडी. ट्रेलर जोडायचा गोळा ओढण्यासाठी कधीच वापरू नका. ताणाखाली तो तुटला तर गोळीसारखा सुटतो, माणसं यात मेलेली आहेत.

८. तंबू उघडा आणि बंद करा. शेगडी पेटवा. फ्रिज आदल्या संध्याकाळपासून सुरू असेल तरच तो थंड करतो की नाही हे कळेल.

९. गाडीभोवती फिरत, छत आणि काचेसकट, चित्रफीत घ्या.

आता विमा. 'पूर्ण विमा' या शब्दांवर समाधान मानू नका. पाच गोष्टी लेखी विचारा: टायर, पुढची काच, गाडीचा तळ, पाण्याने झालेलं नुकसान, आणि दुसरं वाहन नसताना गाडी उलटली तर. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. पर्यटकांचे गंभीर अपघात बरेचदा असेच होतात, गाडी खडीवर घसरते आणि उलटते, समोर कुणीच नसतं. बऱ्याच योजनांत नेमकं हेच वगळलेलं असतं, किंवा वेग जास्त असेल तर नाकारलं जातं. गाडीत वेग नोंदवणारं यंत्र असतं हे गृहीत धरा.

तपासणी: टाकीच्या झाकणाशी डिझेल लिहिलंय की पेट्रोल, याचा फोटो काढून ठेवा. दमलेल्या दिवशी चुकीचं इंधन भरलं जातं.

टप्पा ४: पाणी, डिझेल आणि वजन

पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज किमान ५ लिटर. दोघांना चार दिवस म्हणजे ४० लिटर. त्यावर २० लिटर राखीव, ज्याला मोहीम संपेपर्यंत हात लावायचा नाही. सगळं पाणी एकाच टाकीत ठेवू नका. खालून दगड लागून नळी तुटली की सगळं एकदम जातं. निम्मं वेगळ्या कॅनमध्ये.

डिझेलचा हिशोब पुढच्या टाकीभरणीपर्यंत करा, पण तो पंप कोरडा असेल असं धरून. भरलेली गाडी खडीवर शंभर किलोमीटरला १३-१४ लिटर घेते, वाळूत २० पर्यंत. समजा ३०० किलोमीटर खडी आणि ८० किलोमीटर वाळू: ४२ अधिक १६, म्हणजे ५८ लिटर. त्यावर ३० टक्के, साधारण ७५. उसाकोस, उइस, खोरिखास, पामवाग इथे पंप आहेत. स्पित्झकोपेत नाही. नियम सोपा: पंप दिसला की भरायचं, टाकी पाऊण असली तरी.

वजनाची चूक जवळपास सगळे करतात. छतावर आधीच तंबू असतो. त्यावर इंधनाचे कॅन, लाकडं, बॅगा चढवल्या की गाडीचा तोल वर सरकतो आणि खडीवरच्या वळणात ती कलंडायला तयारच असते. जड सामान खाली, मागच्या आसाच्या पुढे, पट्ट्याने बांधलेलं. इंधनाचे कॅन माणसं बसतात तिथे ठेवू नका.

सरपण विकत घ्या, गोळा करू नका. इथे वाळलेलं खोडसुद्धा कुणाचं तरी घर असतं.

टप्पा ५: खडीचा रस्ता

विंडहोकहून बी१ आणि बी२ या डांबरी रस्त्यांनी उसाकोसपर्यंत जाता येतं. त्यापुढे डी१९१८ वर खडी सुरू होते. फाट्यावर थांबा आणि हवा कमी करा. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा, नाहीतर हे साधारण प्रमाण:

डांबर: २.२ ते २.५ बार (३२ ते ३६ पीएसआय)
खडी: १.८ बार (२६ पीएसआय)
मऊ वाळू: १.२ ते १.४ बार (१७ ते २० पीएसआय)
रुतल्यावर: १ बार (साधारण १५ पीएसआय), आणि मग अगदी हळू

हवा थोडी कमी असली की टायर दगडाला बगल देतो, पंक्चर कमी होतात, आणि रस्त्यावरच्या पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या उंचवट्यांचे हादरे निम्मे होतात. 'हवा कडक ठेवली की पंक्चर होत नाही' ही समजूत डांबरावरची आहे, ती डांबरावरच सोडा.

कायद्याची मर्यादा जास्त असली तरी खडीवर ८० च्या वर जाऊ नका. उंचवट्यांवर ८०-९० ला गाडी तरंगल्यासारखी गुळगुळीत चालते आणि चालकाला आत्मविश्वास येतो. प्रत्यक्षात त्या वेगाला टायर निम्मा वेळ जमिनीला टेकलेले नसतात. चारही चाकांची हाय रेंज (नेहमीच्या वेगाची) खडीवर चालू ठेवा, मागचा भाग कमी घसरतो. घसरू लागलाच तर ब्रेकला पाय लावू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग जायच्या दिशेला हलकं धरा.

समोरून गाडी आली की वेग कमी करून डावीकडे घ्या. धूळ खाली बसेपर्यंत पुढचं काही दिसत नाही, म्हणून ओव्हरटेक करायची घाई नको. दिवसाही हेडलाइट लावा. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर पुन्हा बंद करा.

तपासणी: दर तासाला थांबून चारही टायर हाताने बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्याची हवा जातेय. हळू जाणारी हवा वेळेत कळली तर नुसती दुरुस्ती लागते, नाही कळली तर टायर फाटतो.

टप्पा ६: वाळू आणि कोरडी नदीपात्रं

उगाब, हुआब, आबा-हुआब ही पात्रं वरून कोरडी दिसतात. आत शिरण्यापूर्वी उतरून पायी चाला. पाऊल घोट्यापर्यंत जात असेल तर हवा १.३ बारपर्यंत उतरवूनच पुढे जा. ओलसर, चकाकणारा गाळ दिसला तर जाऊच नका. त्यात रुतलेली गाडी वाळूतल्यासारखी निघत नाही.

वाळूत शिरण्याआधीच लो रेंज लावा, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि गती एकसारखी ठेवा. मध्ये गिअर बदलायचा नाही, वळण मोठं घ्यायचं, थांबायचं असेल तर उतारावर आणि ब्रेक न लावता.

रुतलात तर क्रम असा:

१. चाकं जागेवर फिरू लागली त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर सोडा. आणखी दोन सेकंद रेटलं की गाडी आसावर बसते, आणि दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं.
२. सगळे उतरा. हवा १ बारवर आणा.
३. चारही चाकांसमोरची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू काढा. पोट टेकलेलं असताना कुठल्याही पट्ट्या उपयोगाच्या नाहीत.
४. आधी मागे यायचा प्रयत्न करा. मागची वाळू तुमच्याच चाकांनी दाबलेली असते. पुढे जायचा हट्ट बहुतेक वेळा चुकतो.
५. तरीही नाही निघाली तर पट्ट्या चाकांना टेकवून खुपसा आणि हळू क्लच सोडा. पट्ट्यांच्या रेषेत कुणी उभं राहू नये, त्या मागे उडतात.

बाहेर आल्यावर कठीण जमीन लागली की लगेच हवा भरा. १ बारवर वेगाने वळलात तर टायर रिमवरून निसटतो. ज्या मोहिमेत हवा भरायचा कंटाळा येतो, ती मोहीम टायरच्या दुकानात संपते.

इशारा: ठरलेली चाकोरी सोडू नका. मेसुम विवराच्या आसपासची खडीची मैदानं रिकामी दिसतात, पण त्यांवर दगडफुलाचं आणि वेल्विट्शिया या वाळवंटी वनस्पतीचं राज्य आहे. एका गाडीची खूण तिथे कित्येक दशकं पुसली जात नाही.

टप्पा ७: मुक्काम

चारला पोचलात की आधी गाडी सपाट जागी लावा आणि वाऱ्याची दिशा बघा. संध्याकाळी वारा वाढतो, तंबूचं तोंड त्याच्याकडे पाठ करून.

नदीपात्रात कधीच मुक्काम नाही. आकाश निरभ्र असलं तरी नदीच्या वरच्या अंगाला शंभर किलोमीटरवर पडलेला पाऊस रात्री पात्रातून येतो.

हत्तींच्या भागात, म्हणजे आबा-हुआब आणि उगाबच्या काठी, ॲना झाडाखाली तंबू नको. त्याच्या शेंगा हत्तींना आवडतात, कोरड्या दिवसांत ते नेमके तिथेच येतात. संत्री, सफरचंदं तंबूत ठेवू नका, वास लांबवर जातो. हत्ती तळात आला तर तंबूतच शांत राहा, विजेरी त्याच्यावर मारू नका. दिवसा पात्रात कळप भेटला तर इंजिन चालू ठेवून मागे सरा, आई आणि पिल्लाच्या मधून गाडी घालू नका.

जमिनीवर झोपणं टाळा. विंचवांसाठी बूट तंबूत घ्या. बाहेर ठेवले तर विंचू आत शिरतो किंवा कोल्हा ते घेऊन जातो, दोन्ही गैरसोयीचं. लाकडं उचलताना जाड हातमोजे घाला. अंधारात चालताना विजेरी पायाशी, कारण पफ अ‍ॅडर साप पळत नाही, पडून राहतो.

शेकोटी लहान ठेवा आणि राख होईपर्यंत जळू द्या. निखारे वाळूने झाकणं ही नेहमीची चूक. वाळूखाली ते तासन् तास धगधगतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी अनवाणी पाय त्यात पडतो.

टप्पा ८: चित्रांसमोर

बाकीची सगळी यातायात ज्यासाठी केली ते इथे. घाई केली तर अर्ध्या तासात फोटो काढून परत येता आणि काय पाहिलं ते आठवत नाही.

या प्रदेशात दोन प्रकार आहेत आणि त्यांना वेगवेगळा उजेड लागतो. ट्वायफलफाउंटनला मुख्यतः कोरलेली शिल्पं आहेत, वालुकाश्मावर, दोन हजारांहून जास्त आकृत्या. २००७ मध्ये ते नामिबियाचं पहिलं जागतिक वारसा स्थळ झालं. कोरीव रेषा दिसायला तिरका उजेड लागतो, म्हणून सकाळचे पहिले दोन तास किंवा दुपारी उशिरा जा. भर दुपारी सावली नसते आणि कोरलेला जिराफ खडकात विरून जातो. ब्रांडबर्ग आणि स्पित्झकोपेला रंगवलेली चित्रं आहेत. रंगांना थेट ऊन नको, मऊ सावली हवी.

तिन्ही ठिकाणी स्थानिक वाटाड्या घेऊनच जा. ट्वायफलफाउंटनला दोन वेगळ्या फेऱ्या आहेत, एक 'सिंहमानव' शिल्पाकडे जाणारी, दुसरी 'नाचणारा कुडू'कडे. वेळ असेल तर दोन्ही मागा, काही सांगितलं नाही तर छोटी फेरी मिळते. सिंहमानवाच्या प्रत्येक पंजाला पाच बोटं आहेत आणि खऱ्या सिंहाच्या ठशात चारच उमटतात, हे स्वतः मोजून बघा. माणूस प्राण्यात शिरतोय असं कोरणाऱ्याला दाखवायचं होतं, या अर्थाला त्यामुळे बळ मिळतं.

ब्रांडबर्गचं 'व्हाइट लेडी' हे चित्र त्सिसाब घळीत आहे. उइसहून सी३५ ने उत्तरेला, मग डी२३५९ ने डोंगराच्या पायथ्याशी. तिथून एका बाजूला साधारण पाऊण ते एक तास दगडांतून चालावं लागतं. प्रवेश उघडताच निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या. अकराला निघणारे परतीत तापलेल्या कातळांमधून येतात, आणि उन्हाचा झटका बसतो तो परतीतच. नावावर जाऊ नका, अभ्यासकांच्या मते ही आकृती बहुधा पुरुषाची आहे. मुख्य आकृतीचा फोटो काढून लोक वळतात, पण तिच्याभोवतीची माणसं आणि ओरिक्स बघा. एकट्या आकृतीपेक्षा ती मिरवणूक जास्त बोलकी आहे.

स्पित्झकोपेच्या 'बुशमन्स पॅराडाइज'ला साखळी धरून गुळगुळीत ग्रॅनाइट चढावा लागतो. तळवे घट्ट पकडणारे बूट हवेत. तिथली चित्रं माणसांनी खूप खराब केलीत. ओरखडे आणि पुसट डाग बघून पुढच्या सूचना आपोआप पटतील.

काय करायचं नाही:

चित्रावर पाणी टाकायचं नाही. ओलं केलं की रंग क्षणभर उठून दिसतात, म्हणून पूर्वी लोक पाणीच काय, शीतपेयंही ओतत. पाणी खडकातले क्षार विरघळवतं, ते पृष्ठभागावर येतात आणि वाळून पांढरा थर धरतो. चित्र कायमचं धूसर होतं.

हात लावायचा नाही. चित्र खराब करायला हाताचं तेल आणि घाम पुरतो. कोरीव शिल्पांच्या शिळांवर पाय ठेवून चढायचंही नाही, गडद पापुद्रा निघाला की शिल्पाची रेषाच जाते. खडूने रेषा ठळक करणं, कागद ठेवून छाप घेणं हेही नको.

छताखालच्या जागेत जेवण, शेकोटी, झोप नाही. काजळी चित्रावर बसते. जमिनीची धूळसुद्धा उडवू नका, हळू चाला. फ्लॅश बंद.

पुसट रंग बघायचेच असतील तर साधा फोटो काढा, सगळ्यात मोठ्या आकारात, आणि घरी 'डीस्ट्रेच' या संगणकप्रणालीत घाला. जॉन हार्मन यांनी ती नेमकी याच कामासाठी केली आहे. डोळ्याला न दिसणारा तांबडा रंग त्यात वेगळा उमटतो. फोटोत मापासाठी पट्टी हवी तर चित्राशेजारी धरा, टेकवू नका.

इशारा: राखण नसलेलं एखादं चित्र वाटेत सापडलं तर त्याचे अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर टाकू नका आणि फोटोतली स्थाननोंद काढा. तिथलं काहीही, दगडाची ढलपी किंवा मडक्याचा तुकडासुद्धा, उचलू नका. २००४ च्या राष्ट्रीय वारसा कायद्याखाली तो गुन्हा आहे.

टप्पा ९: गाडी बंद पडली तर

गाडी सोडून चालत निघू नका. गाडीजवळ सावली आहे, पाणी आहे, आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. क्रम: सावली करा, पाण्याचा साठा मोजा, मग संदेश पाठवा. संदेशात जागा, माणसं, पाणी किती तास पुरेल आणि नेमकं काय बिघडलंय एवढंच. रोज संध्याकाळी घरच्या एका माणसाला 'पोचलो' कळवायचं आणि त्याला सांगून ठेवायचं की अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा. मोबाइलला गावांच्या आसपासच रेंज असते.

साप चावला तर चिरा, आवळपट्टी, चोखणं यातलं काही नाही. अवयव हलू देऊ नका आणि लगेच रुग्णवाहतुकीला संदेश पाठवा. प्रवासविम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का, हे निघण्याआधी वाचलेलं असावं.

टप्पा १०: परतीची वाट

पामवागपर्यंत गेला असाल तर तिथल्या पशुवैद्यकीय कुंपणाचं लक्षात ठेवा. लाळ्या-खुरकूत रोखण्यासाठी उत्तरेकडून दक्षिणेला कच्चं मांस नेऊ देत नाहीत, नाक्यावर फ्रिज उघडून बघतात. उरलेलं आदल्या रात्री शिजवून संपवा.

खोरिखासपुढे डांबर लागलं की थांबून टायर २.३ बारवर आणा. हे विसरून १.८ बारवर १२० ने धावणारे बरेच दिसतात, टायर आतून तापतात आणि विंडहोक शंभरावर किलोमीटर लांब असताना फुटतात.

गाडी परत देण्याच्या आदल्या दिवशी ती धुऊन घ्या आणि पुन्हा चित्रफीत काढा. वाटेत टायर दुरुस्त केला असेल तर त्याची पावती द्या. माणूस काच आणि तळ तपासत असताना शेजारी उभे राहा, आणि अनामत रक्कम मोकळी केल्याचा कागद हातात आल्याशिवाय विमानतळाची गाडी बोलावू नका.